सप्तरंगीचा काढा आणि डब्यात राहिलेल्या गोळ्या

डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६३ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. नऊ वर्षं डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू होत्या. पाडव्याला मामांनी एका वैदूकडून सप्तरंगीची मुळी आणि पुडीतलं चूर्ण आणून दिलं, तेव्हापासून बाबांनी गोळ्या बंद केल्या. सकाळी उठल्यावर सप्तरंगीचा काढा, मग बिबळ्याच्या लाकडी पेल्यातलं पाणी, मग कारलं-दुधीचा रस, रात्री चूर्ण. पाडव्याआधी तीन महिन्यांची साखर ७.४ होती, परवा ९.६ आली. उपाशीपोटी २१२. आषाढी एकादशीला काका खूप बोलले म्हणून बाबांनी गोळ्या घेतल्या, तेही मागचं भरून निघावं म्हणून दोन-दोन. काढाही घेतला आणि उपासही धरला. दुपारी दरदरून घाम, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. आईने साखरेचं पाणी पाजल्यावर हळूहळू बरं वाटलं. आता बाबा म्हणतात, "बघितलंस? इतके महिने काढ्याने काही झालं नाही, एक दिवस गोळी घेतली आणि मरायला टेकलो." यावर मला उत्तर सुचलं नाही. झाडपाल्यात खरंच काही आहे का? की सगळं उचलून परसात फेकून देऊ?
— एक लेक, संगमेश्वर तालुका

प्रिय ताई,

काहीही फेकू नका. मुळी, चूर्णाची पुडी, लाकडी पेला, डब्यात राहिलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घाला आणि बाबांना घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. पिशवी कशाला, ते पुढे सांगते. त्याआधी एकादशीच्या दुपारचा हिशेब लावू, कारण बाबांचं सगळं म्हणणं त्या एका दुपारवर उभं आहे.

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात जेवण गेलंय की नाही, हे तिला कळत नाही. गोळी गेली आणि तिच्यामागून भाकरी गेली नाही, तर ते इन्सुलिन रक्तात आहे तीच साखर उतरवत बसतं. बाबांनी एकाच्या दोन गोळ्या घेतल्या आणि दिवसभर उपास केला. घाम, थरथर, अंधारी ही साखर झपाट्याने उतरल्याची लक्षणं आहेत. तेव्हा कुणी मशीनवर आकडा पाहिला असता तर ती ७०च्या खाली गेली होती का, हे नक्की सांगता आलं असतं. महिनोन्‌महिने दोनशेच्या वर राहायची सवय झालेल्या शरीराला कधी कधी शंभराच्या आसपास आल्यावरही तसंच होतं. दोन्ही वेळा कारण तेच: गोळीचं प्रमाण आणि रिकामं पोट. आईने साखरेचं पाणी दिलं, ते अगदी योग्य केलं. तिला माझा नमस्कार सांगा.

बाबांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जास्त अवघड आहे. "काढ्याने काही झालं नाही." झालं आहे ताई, पण दुखलं नाही. ७.४ म्हणजे रक्तातली साखर सरासरी १६५च्या आसपास, आणि ९.६ म्हणजे २३०च्या घरात. पाडव्यापासून आषाढीपर्यंत रोज, झोपेतसुद्धा, साठ-पासष्टने जास्त. साखर उतरली की माणूस तासाभरात कोसळतो आणि सगळं घर धावतं. ती चढलेली असते तेव्हा कुणालाच काही कळत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा कुरकुर न करता झिजत असतात. म्हणून गोळीची चूक सगळ्यांना दिसली आणि काढ्याची कुणालाच दिसली नाही. माझ्या दवाखान्यात हीच गोष्ट मी दर महिन्याला पाहते, आणि दर वेळी मला तितकंच वाईट वाटतं, कारण त्या माणसाने आळस केलेला नसतो. उलट पहाटे उठून, कडू पिऊन, मनापासून पथ्य केलेलं असतं.

आता तुमचा खरा प्रश्न. झाडपाल्यात काही आहे का? आहे.

सप्तरंगीचंच घ्या. सॅलॅशिया नावाच्या गणातल्या या वेली आपल्या कोकणापासून खाली केरळ, श्रीलंकेपर्यंत सापडतात. श्रीलंकेत तिच्या एका जातभाईला 'कोथला हिंबुटू' म्हणतात. तिथे तिच्या लाकडाचे पेले करतात आणि त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी मधुमेहाला पितात, आपल्याकडच्या बिबळ्याच्या पेल्यासारखंच. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या श्रीलंकेच्या वेलीतून सॅलॅसिनॉल नावाचा पदार्थ वेगळा काढला. आपण भात-भाकरी खातो तेव्हा आतड्यातली काही एन्झाइम्स त्या पिष्टाचे तुकडे करून त्याची साखर बनवतात. सॅलॅसिनॉल त्या एन्झाइम्सना अडवतं. त्यामुळे जेवणातली साखर रक्तात एकदम न उसळता सावकाश शिरते. मेडिकलच्या दुकानात मिळणारी व्होग्लिबोजची गोळीही याच ठिकाणी, याच पद्धतीने काम करते. म्हणजे ज्या कुणी शेकडो वर्षांपूर्वी ही मुळी निवडली, त्यांची नजर पक्की होती.

पण आता बाबांचा आकडा बघा. उपाशीपोटी २१२. रात्री आठला जेवलेला माणूस सकाळी सातला रक्त देतो, तेव्हा आतड्यात भात उरलेला नसतो. मग ही साखर आली कुठून? ती यकृताने रात्रभर तयार केलेली असते. मधुमेहात यकृताला आवर राहत नाही. आतड्याच्या दारात उभी असलेली सप्तरंगी यकृतापर्यंत पोचतच नाही. ते काम मेटफॉर्मिनचं, आणि ती डब्यात पडून आहे. शिवाय बाबा काढा पितात पहाटे. जी वनस्पती जेवणातल्या पिठाला अडवते, ती सकाळी सहाला प्यायली तर दुपारी एकच्या भाताला किती अडवणार? मुळी चांगली, पण जागा चुकली, वेळ चुकली, आणि जे काम तिचं नाही ते तिच्यावर टाकलं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. 'सप्तरंगी' या एका नावाखाली किमान दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक ही सॅलॅशिया, दुसरी केसिअरिया. कुळ वेगळं, आतली रसायनं वेगळी. मुळी उकरून, वाळवून, तुकडे करून पुडीत बांधली की कोणती कुठली, हे तुम्हाला-मला सोडाच, वनस्पतीच्या जाणकारालाही नुसत्या डोळ्यांनी सांगणं कठीण. बिबळ्याचंही तसंच. संस्कृत ग्रंथांत त्याचं नाव 'असन'. पण आपल्या जंगलात ज्याला असाणा म्हणतात तो निराळाच, कोवळेपणी काटे असणारा वृक्ष. नुसत्या नावावर विसंबून कुणी 'असाण्याची साल' आणून देईल, तीही अगदी प्रामाणिकपणे.

बिबळ्याबद्दल मला आदर आहे, कारण त्याची आपल्याच देशात नीट तपासणी झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने वेगवेगळ्या केंद्रांवर नव्याने मधुमेह सापडलेल्या रुग्णांना बिबळ्याचा अर्क दिला, दिवसाला दोन ते चार ग्रॅम, मोजून. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले: १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. चांगला आकडा आहे. पण त्यातले शब्द नीट वाचा. 'नव्याने सापडलेले', म्हणजे ज्यांच्या स्वादुपिंडात अजून धुगधुगी होती असे. 'मोजून', म्हणजे पेल्याने नव्हे. आणि ज्यांना बिबळा दिला नाही अशा रुग्णांची तुलनेसाठी वेगळी तुकडी त्यात नव्हती. निदान झाल्याच्या भीतीनेच माणूस गोड सोडतो, चालायला लागतो, त्याचा वाटा किती आणि बिबळ्याचा किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. बाबांचा आजार नऊ वर्षांचा. पेल्यातून रोज किती अर्क उतरतो कुणास ठाऊक, आणि पेला जुना होत जातो तसा पाण्याचा रंगही फिका होत जातो, हे बाबांनीही पाहिलं असेल.

बेडकीचा पाला, ज्याला हिंदीत गुडमार म्हणतात, त्याचं एक पान चावून वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखं लागतं. गोडाची चवच काही वेळ जाते. मुलांना दाखवण्यासारखी गंमत आहे ती, आणि ज्यांना जेवणानंतर गोडावाचून राहवत नाही त्यांना तिचा खराखुरा उपयोगही होऊ शकतो. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी तिचा अर्क २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीने दीड वर्षाहून जास्त काळ दिला. त्यांतल्या पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. बाकी १७ जणांच्या नाही. बाजारात हा प्रयोग सांगतात तेव्हा पाच जणांचंच सांगतात.

दालचिनीवर खूप चाचण्या झाल्या. त्यांतल्या दहा चाचण्या एकत्र करून २०१२ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात साखरेवर ठोस परिणाम दिसला नाही. जांभळाच्या बियांचं चूर्ण घराघरांत असतं, पण माणसांवर नीट केलेल्या चाचण्या फार थोड्या. हल्ली कुंड्यांमधून जे 'इन्सुलिनचं झाड' लावतात, ते आपल्या पेवाच्या नात्यातलं, परदेशातून आलेलं. त्याच्या पानात इन्सुलिन नसतं. आणि असतं तरी गिळून उपयोग झाला नसता, पोटात ते पचून गेलं असतं. इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं ते त्याचसाठी.

मेथीची बाजू मात्र मी मनापासून घेते. दाणा भिजवला की त्याला जो बुळबुळीतपणा येतो, तो विरघळणाऱ्या चोथ्याचा. पोटात त्याची जेली होते आणि साखर हळू शोषली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्यावर बरंच काम केलं. हैदराबादमध्येच पुढे एक तीन वर्षांचा प्रयोग झाला. ज्यांना मधुमेह झालेला नव्हता पण साखर काठावर होती, अशांपैकी काहींना रोज दहा ग्रॅम मेथी जेवणाआधी दोनदा विभागून दिली. मेथी न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. ताई, हा प्रयोग बाबांपेक्षा तुमच्या उपयोगाचा आहे. वडिलांना मधुमेह आहे, म्हणजे तुम्ही आणि तुमची भावंडं त्या काठाच्या जवळ आहात. एकदा उपाशीपोटी तपासून घ्या. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं आणि शेजारच्या गोव्यात तर प्रमाण देशात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. कोकणपट्टीतल्या आपल्या भातखाऊ घरांनी हे मनावर घ्यायला हवं.

बाबांनाही मेथी चालेल, फक्त गोळीबरोबर एकाच वेळी नको, थोडं अंतर ठेवून. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

कारल्या-दुधीचा रस मात्र उद्यापासून बंद. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. दुधी, काकडी या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाचं कडू विष तयार होतं. घराघरांत दुधीची फोड आधी चाखून बघायची पद्धत आहे ना, ती त्यासाठीच. कडू लागली की आई दुधी टाकून देते. पण त्याच दुधीचा रस कारल्याच्या रसात मिसळला की कडवटपणा कुठून आला, हे जिभेला कसं कळणार? २०१० मध्ये दिल्लीत कारलं आणि दुधीचा असाच एकत्र रस प्यायल्यानंतर एका मधुमेही गृहस्थांचा मृत्यू झाला. त्यानंतर आयुर्विज्ञान परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की दुधीची फोड चाखून कडू लागली तर ती वापरू नका आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. कारल्याची भाजी करा, खुशाल खा. थायलंडमध्ये कारल्याच्या कॅप्सूल आणि मेटफॉर्मिन यांची तुलना झाली, तेव्हा कारल्याने थोडी साखर उतरवली, मेटफॉर्मिनने त्याहून बरीच जास्त. भाजी म्हणून कारल्याला माझ्याकडून शंभर गुण.

गुळवेल बाबा घेत असतील तर तेही विचारून ठेवा, कारण करोनाच्या दिवसांपासून ती घरोघरी शिरली आहे. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या काही जणांना यकृताची सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. त्यांनी घेतलेली वेल नक्की गुळवेलच होती का, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी होती का, यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. वाद कुणीही जिंको, घरातल्या माणसासाठी खूण एकच: डोळे पिवळे, लघवी गडद, जेवणावरची वासना गेली, तर काढा बंद करून यकृताची तपासणी.

आणि ती पुडी. पिशवीतली सगळ्यात काळजीची वस्तू माझ्या मते तीच आहे. सप्तरंगी निदान डोळ्यांना दिसते. पुडीतल्या चूर्णात काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसू शकतं. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे रात्री एका आजींना आणलं. आठवडाभर कुठल्यातरी चूर्णाने साखर 'एकदम नॉर्मल' आल्याचा आनंद घरात होता, आणि त्या रात्री त्या हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. साखर ३४. ग्लुकोजची सलाइन लावली, शुद्धीवर आल्या, आणि दोन तासांनी पुन्हा उतरली. असं दीड दिवस चाललं. कुठलीही पालेभाजी, कुठलीही साल असं करत नाही. असं करते ती ग्लिबेनक्लामाइडसारखी जुनी गोळी, कुटून मिसळलेली. त्या चूर्णावर ना नाव होतं ना पत्ता, त्यामुळे मी ते सिद्ध करू शकले नाही. पण 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या पुड्यांमध्ये अशा गोळ्या सापडल्याची उदाहरणं देशोदेशी नोंदलेली आहेत. शिसं, पारा यांचंही तेच. २००४ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४मध्ये जड धातू निघाले. आपल्याकडे 'मधुमेह बरा करतो' अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जो तसं सांगून विकतो, तो पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो.

बाबा म्हणतील, गोळी म्हणजे केमिकल आणि झाड म्हणजे निसर्ग. त्यांना मेटफॉर्मिनची गोष्ट सांगा. युरोपात गॅलेगा नावाचं एक जांभळट फुलांचं झुडूप आहे, आपल्या शेंगाकुळातलंच. तिथल्या जुन्या झाडपाल्याच्या औषधांत ते होतं. पण ते चरलेली मेंढरं मरायची. त्यात जो साखर उतरवणारा घटक सापडला, तो जसाच्या तसा माणसाला झेपणारा नव्हता. रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या जातीतले सौम्य पदार्थ तयार केले. मेटफॉर्मिन पहिल्यांदा १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं, तसंच पडून राहिलं, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या झां स्टेर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. त्याच जातीची फेनफॉर्मिन नावाची दुसरी गोळी माणसांना घातक ठरली म्हणून १९७० च्या दशकात बहुतेक देशांनी बंद केली. बाबांच्या डब्यात पडलेली पांढरी गोळी ही अशी एका झुडपापासून निघालेली आहे. फरक इतकाच की तिच्यापायी किती जणांना काय झालं, हे मोजलेलं आहे, आणि आजची गोळी कालच्याइतकीच असते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन काढलं गेलं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या आजच्या गोळ्या त्याच्याच वंशातल्या.

आणि आयुर्वेदाचं नाव घेऊन कुणी 'मुळापासून बरा करतो' म्हणालं, तर त्याला ग्रंथ उघडायला सांगा. तिथे प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत. कफाचे दहा बरे होणारे, पित्ताचे सहा उपचार चालू ठेवून ताब्यात राहणारे, वाताचे चार असाध्य, आणि मधुमेह त्या चारांतला. इतक्या जुन्या वैद्यांनी इतकं स्पष्ट लिहून ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. सुश्रुताने तर ज्याच्याकडे पैसा नाही अशा प्रमेह्याला सांगितलंय की अनवाणी, छत्रीशिवाय, गावोगाव एकेक रात्र मुक्काम करत शंभर योजनं चाल, नाहीतर विहीर खण. आयुष्यभर सीटवर बसून घाट चढलेल्या माणसाला याहून नेमकं औषध कुठलं सांगणार? तुमच्या भागात पावसाने उघडीप दिली की संध्याकाळी बाबांबरोबर तुम्हीही निघा. नदीकाठाने अर्धा तास पुरे.

आता डॉक्टरांकडे काय करायचं. जुनी गोळी जुन्या प्रमाणात आपल्या मनाने सुरू करू नका. ९.६ वर काय आणि किती द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील. कदाचित ग्लिमेपिराइडऐवजी साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी देतील. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, यकृताची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा पाहून घ्या. पायांना मुंग्या येतात का, चप्पल निसटलेली कळते का, हे विचारायला सांगा. पिशवी टेबलावर ठेवा आणि सगळं सांगा. डॉक्टर झाडपाला बघून ओरडले तर शांतपणे म्हणा, "हे घेतलंय, म्हणून दाखवतोय." लपवून घेतलेला काढा हा उघड घेतलेल्यापेक्षा केव्हाही जास्त धोक्याचा. मधुमेहाच्या या साध्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तेव्हा खर्चाचं कारण असेल तर तेही मिटेल.

बाबांना झाडाचंच औषध हवं असेल तर नोंदणीकृत, शिकलेल्या वैद्यांकडे न्या. गोळ्या चालू ठेवून, एका वेळी एकच वनस्पती, माहीत असलेल्या प्रमाणात, तीन महिने. चार-चार गोष्टी एकत्र घेतल्या तर कशाने काय झालं, कुणालाच कळणार नाही. साखर खरोखर उतरायला लागली तर गोळी कमी करायला डॉक्टर आनंदाने तयार होतील. मी स्वतः अशा गोळ्या कमी केल्या आहेत, आकडे बघून.

हे सगळं बाबांना कसं सांगायचं? काकांसारखं ओरडून नाही. मामांना मूर्ख म्हणून तर अजिबात नाही. बाबा ड्रायव्हर होते. गाडी बरी पळते की नाही, हे ड्रायव्हरच्या मनाने ठरत नाही, डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवर ठरतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ग्लुकोमीटर आणि एक शंभर पानी वही त्यांच्याच हातात द्या. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, आठवड्यातून तीन दिवस. काय खाल्लं, काय प्यायलं, किती चाललो, पुढे आकडा. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेल्या २१२ शी तुम्हाला भांडावं लागणार नाही.

श्रावण तोंडावर आहे. सोमवार, शनिवार, मग चतुर्थ्या. गोळी आणि उपास यांचं काय करायचं, हे आत्ताच डॉक्टरांना विचारून त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. साबुदाण्याची खिचडी हा मधुमेह्याचा फराळ नव्हे, तीही साखर चढवतेच. घरात साध्या ग्लुकोज पावडरचा डबा आणून ठेवा. बाबा सप्तरंगी किंवा व्होग्लिबोज घेत असतील तर साखर उतरल्यावर चमचाभर साखरेपेक्षा ग्लुकोज बरं, कारण ही औषधं घरच्या साखरेचं पचनही लांबवतात. तीन-चार चमचे पाण्यातून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

बिबळ्याचा पेला परत आला तर फडताळात राहू दे. मुळी आणि पुडी यांचं काय करायचं, ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे करा. पुढची तीन महिन्यांची साखर दिवाळीच्या आसपास तपासायची येईल. तो आकडा मला कळवा, आणि वहीचं एखादं पान बाबांनी दाखवायला परवानगी दिली तर तेही पाठवा.

तुमची डॉक्टर